गाठीतलं कथील

भूर्जाच्या खोडावर फुगलेली गाठ
तुओवीनं करवतीनं उतरवली
आणि तिला एवढंच म्हणाली:
आता गाठ माझ्याशी आहे.

तीन वर्षं ती सौनाच्या माळ्यावर होती,
कापल्या बाजूला मेण, मेणावर पेन्सिलीनं वजन.
अकरा किलो. नऊ. सव्वासात.
सव्वासातवर काटा दोन महिने हलेना
तेव्हा म्हणाली, झाली मुकी. चढव.

मी कुह्मोच्या लाकूडगिरणीतून कमी केलेला माणूस.
फळ्या मोजण्यात वीस वर्षं गेली, सगळ्या सरळ.
सरळ लाकडाला काही विचारावं लागत नाही.
हे मात्र फिरू लागलं आणि पटाशीखाली
बोटाबोटाला रेषा वळत राहिली.
झाडानं इथं कधी काय ऐकलं कोण जाणे,
वर जायचं सोडून स्वतःभोवतीच घुमत बसलं.

ढलप्या बाह्यांत, दाढीत, कॉफीत.
वाडगा उघडत गेला. तळाशी भेग निघाली,
करंगळी जाईल एवढी,
काळी, साल गिळून बसलेली.

वाया गेला, मी म्हटलं.
तिनं फळीमागून तंबाखूचा डबा काढला.

आत एन्सिओचं कथील.
आमच्याकडे वर्षाच्या शेवटच्या रात्री
पळीत कथील वितळवून बादलीत ओततात,
निघेल तो तुकडा मेणबत्तीसमोर धरून
भिंतीवरच्या सावलीत पुढचं वर्ष वाचतात.
खरबरीत निघालं तर पैसा. होडी निघाली तर प्रवास.
तुटलं तर कुणी काही बोलत नाही,
कॉफी ठेवायला उठतं.

एकेचाळीस वर्षांची भाकितं त्या डब्यात.
तिनं आधी पैसेवाले तुकडे पळीत टाकले.
हे नाहीतरी कधी आले नाहीत, म्हणाली.
सगळ्यात शेवटी होडी.
त्या जानेवारीत एन्सिओनं
बॅगेची चेन दुरुस्त करून ठेवली होती.

पन्नास वर्षं कातारी, त्या दुपारी पहिल्यांदा ओतारी:
हात थरथरला नाही, पण चष्मा तिनं दोनदा पुसला.
भेगेला बाहेरून चिकणमाती लिंपली.
कथलावर साय धरली, ती काडीनं सारली,
खालून असं काही चकाकलं
की कुत्रा उठून बाहेर गेला.
ओलं लाकूड कथील तोंडावर थुंकतं.
हे गप्प प्यायलं.
थोडा धूर, करपलेल्या सालीचा वास,
आणि कडेनं एक तपकिरी रेघ.
ती घासायची नाही, तिनं बजावलं.

मग पुन्हा यंत्रावर. लाकूड, लाकूड, कथील, लाकूड,
प्रत्येक फेरीला हाताला एक ठेच.
भुशात चंदेरी धागे पडत होते.
यात खायचं नाही हं, जुन्या कथलात शिसं असतं.
मग करायचं काय याचं?
बघायचं, ती म्हणाली, आणि दिवा लावला,
कारण तीन वाजले होते आणि अंधार पडला होता.

वाडगा औलूच्या एका दंतवैद्य बाईनं घेतला.
भेगेवरून अंगठा फिरवत राहिली,
भरलेलं कसं असतं ते तिला ठाऊक.
लोकरीत गुंडाळून, खोक्यात घालून
सकाळच्या बसनं गेला.

फेब्रुवारीत, उणे एकतीस असताना, फोन आला.
कथील सुटलंय. हलवलं की खुळखुळतं.
तुओवी म्हणाली, चुली पेटल्या की लाकूड आकसतं,
कथील आकसत नाही, त्याला ते जमतच नाही.
जूनमध्ये तळ्यांवरचं वारं घरात येऊ द्या.
पुन्हा धरेल.

पलीकडे बाई बराच वेळ गप्प.
मग तुओवीनंच विचारलं,
आवाज कसा येतो? जरा हलवा ना.

कानाला फोन धरून ती उभी राहिली,
दुसऱ्या हातानं मला म्हणाली:
यंत्र बंद कर.